ठेवा आणि विसरा

सकाळी जिन्यावरून तीनच शब्द खाली आले.

"कंदील, बदक, पाऊस."

खाली वर्कशॉपात धाकटीने सरसाची वाटी शेगडीवर ठेवली होती. ब्रश हातात धरून ती चौथ्या शब्दाची वाट बघत थांबली. रोज सकाळी चूळ भरली की आई आपले चार शब्द म्हणायची, मग खोकायची, मग चहा मागायची. या क्रमात इतक्या वर्षांत कधी खंड पडला नव्हता. आज खोकला आला, चहाची हाकही आली, पण चौथा शब्द काही आला नाही.

नेमका आज. बाकी कुठलाही दिवस आईला चालला नसता का, असं धाकटीच्या मनात आलं आणि तिने ब्रश पाण्यात टाकला.

वडील, म्हणजे नाना, गेले त्याच्या पुढच्या वर्षी दादाने हे शब्द वाटले होते. नाण्याची तिजोरी उघडायला बारा शब्द लागायचे. हे नाणं खिशात खुळखुळणारं नव्हे, संगणकाच्या जाळ्यात कुठेतरी असणारं, ज्याला हात लागत नाही आणि वासही येत नाही, असलं. दादाने चार शब्द स्वतःकडे ठेवले, चार धाकटीला दिले, चार आईला. "कागदावर काही लिहायचं नाही. कागद चोरीला जातो, डोकं जात नाही," तो म्हणाला होता. "काहींचं जायला मुळात असावं लागतं," असं वहिनी तेव्हा पुटपुटली होती. ते सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही.

नाणं आलं होतं नानांच्या लाकडातून. माळ्यावरच्या त्यांच्या सगळ्यात जुन्या फळ्या, व्हायोलिनच्या पोटापाठीला लागतात त्या, लाकूडवाल्याला विकून दादाने ते घेतलं होतं. धाकटीचा जीव तुटला होता. पण दादाने एका वाक्यात तिला गप्प केलं. "नाना काय म्हणायचे? ठेवा आणि विसरा. फळी दहा-वीस वर्षं मुरली की तिचं सोनं होतं. हेही तसंच. फक्त हात लावायचा नाही." दादा शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशावर बोट ठेवून तो न पाहिलेल्या नद्यांबद्दल अशा काही ऐटीत बोलायचा की पुढच्या बाकावरच्या पोरांचे पाय ओले व्हावेत. धाकटी त्या पोरांपेक्षा फार वेगळी नव्हती.

आता हात लावायचा दिवस आला होता, आणि त्याला निमित्त लाकूडवालाच झाला होता. तो दुकान आवरत होता. नानांच्या फळ्यांपैकी निम्म्या अजून त्याच्याकडे पडून होत्या. "संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. मग दुसऱ्याला शब्द देईन," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. धाकटी पन्नाशी ओलांडलेली बाई. आज नवी फळी माळ्यावर टाकली तर ती मुरेपर्यंत हिचे हात थरथरायला लागणार. तिची व्हायोलिनं चांगली असत, गिऱ्हाईक खूश असे. पण नानांच्या लाकडाचं व्हायोलिन नुसतं चांगलं नसायचं, ते बोलायचं. तसं एक तरी, जमलं तर दोन-चार, तिला हात शाबूत असताना करायची होती. तिला दुसरं काही नको होतं.

जेवणं झाल्यावर मंडळी आली. पुढे दादा, कोट घालून, जणू त्याचाच सत्कार होता. मागे वहिनी, आणि तिच्या मागे लॅपटॉप पोटाशी धरलेली त्यांची मुलगी, धाकटीची भाची. भाची विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची. समोरच्याने "नमस्कार" म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारायची तिला सवय जडली होती, म्हणून घरात तिला शंकासूर म्हणत.

सगळे वर्कशॉपातच बसले. खिडकीत तारेवर ताजं वार्निश दिलेली व्हायोलिनं टांगली होती. दुपारचं ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं, आणि सगळ्यांचे चेहरे, भिंत, आईचे पांढरे केस मधाच्या रंगाचे झाले होते. या खोलीत दुपारी कोणीही बसलं की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. वहिनीचासुद्धा.

"मी दोन्हीकडून खिडक्या असलेलं घर बघून ठेवलंय," वहिनी हळूच धाकटीला म्हणाली. "सकाळी एकीकडून ऊन, संध्याकाळी दुसरीकडून. मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झाले."

"कुठल्या रंगाचे?"

"रोज बदलते. मनातले पडदे बदलायला काय लागतं?"

आईला समुद्रातलं दीपगृह बघायचं होतं. दादाने तिला कबूल केलं होतं. भाचीला नोकरी सोडायची होती, पुढे काय करायचं ते तिने सांगितलं नव्हतं, बहुधा माणसांवर विश्वास ठेवून बघायचा असेल. दहा वर्षं या एका मुठीत प्रत्येकाने आपलं काहीतरी ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांची तर रोज वाढत होती, कारण दादा पेपरात भाव बघायचा आणि दर रविवारी फोन करून सांगायचा.

"हं, चला," दादा म्हणाला. "माझे चार." त्याने ते वर्गात हजेरी घ्यावी तसे खणखणीत म्हटले. धाकटीने आपले म्हटले. भाचीची बोटं चालत होती.

"आई, तू."

आई ताठ बसली. "कंदील. बदक. पाऊस." मग ती व्हायोलिनांकडे बघत राहिली.

"पुढे?"

"पुढचा सकाळपासून येत नाहीये."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादाच्या तोंडचं पाणी पळालं, पण तो शिक्षक होता, आठवत नसलेल्या माणसावर ओरडायचं नाही एवढं त्याला कळत होतं. "आई, डोळे मीट. पाऊस पडतोय. बदक पोहतंय. कंदील लावलाय. आता काय दिसतंय?"

"मी दिसतेय. भिजतेय."

"अजून?"

"तू दिसतोयस, मला छळतोयस. असे सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलात तर माझं नावसुद्धा आठवणार नाही मला."

मग सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघणं सोडलं, आणि ते आणखी वाईट झालं. दहा वर्षं रोज पाठ म्हणणाऱ्या बाईच्या एका शब्दावर घर, दीपगृह आणि नानांच्या फळ्या अडकून राहिल्या. धाकटीला बसवेना. हाताला काम पाहिजे म्हणून ती उठली, आणि कोपऱ्यातली शिडी ओढून माळ्याच्या तोंडाशी लावायला लागली. शिडीचे पाय फरशीवर खरखरले.

"शिडी," आई म्हणाली. "शिडीच की. कंदील, बदक, पाऊस, शिडी."

सगळे हसले. दादाने आईचे दोन्ही हात धरले. वहिनी म्हणाली, "देव पावला बाई." आणि त्या हसण्यातच तिजोरी उघडली.

भाचीने पडदा सगळ्यांकडे वळवला. आकडा होता. दादाने ठेवला होता तेवढाच, एक कणही इकडे-तिकडे नाही.

"बघा," दादा म्हणाला. "दहा वर्षं. उंदराने कुरतडलं नाही, चोराने नेलं नाही. आता याला आजच्या भावाने गुणा." त्याने गुणाकार आधीच केला होता. तो त्याने सांगितला. धाकटीला तेव्हा नानांच्या फळ्या दिसल्या. शिडीवरून एकेक वर चालली होती, आपापल्या जागी बसत होती. स्वप्नात पुष्कळदा दिसायचं तसं, पण या वेळी उघड्या डोळ्यांनी.

भाची मात्र पडदा पुन्हा स्वतःकडे वळवून काहीतरी वाचत होती. ती बराच वेळ वाचत राहिली.

"बाबा, तुम्ही भाव पेपरातच बघायचात ना?"

"रोज. भाव बघायला हात थोडाच लावावा लागतो?"

"त्या नावाचा."

"मग कोणाच्या नावाचा बघणार? शेजारच्यांच्या?"

"बाबा, नाव तेच आहे. नाणं ते नाही." तिने लॅपटॉप थोडा मिटला, जणू आतलं त्यांच्या डोळ्यांना एकदम लागू नये. "हे काढणाऱ्या लोकांनी मध्ये सगळा कारभार बदलला. नवं नाणं काढलं, नाव जुनंच ठेवलं. ज्यांच्याकडे जुनी होती त्यांनी ती ठरल्या मुदतीत बदलून घ्यायची होती. मुदत संपून काही वर्षं झाली. पेपरात येतो तो नव्याचा भाव. आपल्याकडे आहेत ती जुनी."

"मग जुन्याचा भाव सांग."

"जुन्याला भाव नाही. कोणी घेतच नाही."

आईने विचारलं, "म्हणजे खोटं निघालं?"

"खोटं नाही, आजी. घेतलं तेव्हा खरंच होतं. आता बाद झालंय."

"आता जाऊन बदलून आणू," दादा म्हणाला. "उशीर झाला म्हणून सांगू. दंड भरू."

"कुठे जाऊन? उशिरा येणाऱ्यांसाठी त्यांनी एक खिडकी ठेवली होती, तीपण बंद झाली. आता विचारायला कोणी राहिलेलं नाही." ती थांबली. मग तिच्या धंद्याने तिला गप्प बसू दिलं नाही. "बाबा, तेव्हा काही निरोप आला होता का? ईमेल वगैरे?"

दादा खिडकीकडे बघत होता. "आला होता एक. दोन-तीन आले होते. 'आपली नाणी अमुक ठिकाणी पाठवा, नवी मिळतील.' मी काय दूधखुळा आहे? असले भामटे रोज निरोप पाठवतात. मी पुसून टाकले."

"भामट्यांचेही येतात, बाबा. हुबेहूब तसेच. त्यातला खरा कोणता ते शोधावं लागतं. कोणाला तरी विचारावं लागतं."

"मी हात लावला नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज अजूनही अभिमानाचाच होता, तेवढाच उरला होता. "दहा वर्षांत एकदाही नाही."

आतापर्यंत वहिनी नवऱ्याच्या शेजारी बसली होती. ती उठली, धाकटीच्या बाकावर येऊन बसली. "अहो, तीन निरोप आले आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? घरात विमावाली पोरगी आहे, तिला दाखवले नाहीत? भाजीवाल्याने सुटे कमी दिले तर चार घरी सांगत फिरता."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, विकून टाका."

"म्हणाले असते. आणि दोन खिडक्या तरी आल्या असत्या."

"वहिनी, त्याने मुद्दाम नाही केलं," धाकटी म्हणाली. म्हणताना तिलाच आश्चर्य वाटलं. आतून ती इतकी चिडली होती की हात ॲप्रनमध्ये लपवून बसली होती. दादाने तिचं लाकूड नेलं होतं. नानांचं नव्हे, तिचं. ती म्हणाली, "पण दादा, मला तुझ्याकडे बघवत नाहीये. थोडा वेळ तू दुसरीकडे बघ."

दादाने दुसरीकडे बघितलं. "नानाच म्हणायचे," तो भिंतीला म्हणाला. "ठेवा आणि विसरा. मी त्यांचंच तर ऐकलं."

आई इतका वेळ मांडीवर ठेवलेली आपली बोटं एकेक करून दाबत होती, जणू चार शब्द मोजत होती. "ते गिऱ्हाइकांना म्हणायचे," ती म्हणाली.

"काय?"

"ठेवा आणि विसरा. लोक नुसतं भंडावून सोडायचे, लाकूड मुरलं का, झालं का, अजून का नाही. त्यांचं तोंड बंद करायला म्हणायचे. आणि तुम्हा पोरांना म्हणायचे, तुम्ही वर जाऊन फळ्यांची घसरगुंडी करायचात म्हणून. स्वतः कधी विसरले? दर वर्षी माळ्यावर. एकेक फळी उलटी करायची, ठोकायची, कानाला लावायची. मी खालून ओरडतेय जेवण निवलं, आणि हे वर फळीशी गप्पा मारतायत. एखादी पोकळ लागली की खाली फेकायचे. बाहेरून धड दिसायची, आतून किड्याने खाल्लेली. एकीचा किडा शेजारणीला लागू नये म्हणून लगेच काढायची."

दादा वळला. "ती शेगडीत जाळायचो, ती?"

"तीच."

"मला वाटायचं सरपण आणलंय."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण दादाचा चेहरा बघून कोणाच्याने हसवलं नाही. पंचावन्न-साठ वर्षांचा माणूस, सगळ्या जगाचे वारे कुठून कुठे वाहतात ते सांगणारा, आणि आपल्याच घराच्या माळ्यावर बाप काय करायचा ते त्याला आज कळत होतं.

मग आई धाकटीकडे वळली. "आणि तू गं. तू तर अजून चढतेस. तुझ्या फळ्या दर वर्षी उलटतेस, मी खालून ऐकते. तुला एकदा वाटलं नाही, विचारावं याला, बाबा रे, त्या नाण्याला उलटंपालटं करून बघितलंस का?"

धाकटीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. विचारलं असतं तर मूठ उघडावी लागली असती. मुठीत काय आहे ते कळलं असतं, आणि मग दुपारी या मधाळ उन्हात बसून, हाताने दुसऱ्याच लाकडावर रंधा मारत, नानांच्या फळ्यांची व्हायोलिनं मनातल्या मनात घडवता आली नसती. तिने अशी पुष्कळ घडवली होती. त्यांचे आवाजसुद्धा तिला पाठ होते.

"नाही वाटलं," ती म्हणाली.

लाकूडवाल्याला फोन तिनेच केला. बाकीचे ऐकू येत नसल्यासारखं दाखवत बसले.

"नाही जमणार," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्याला शब्द द्या."

लाकूडवाला म्हणाला, "एक जोड तरी घ्या, ताई. एका वाद्यापुरती. ती तुमच्यासाठी बाजूला काढतो."

वार्निशसाठी ठेवलेले पैसे तिच्या डोळ्यांसमोर आले. "घेते," ती म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "कीड तर नाही ना लागली? इतकी वर्षं पडून होत्या."

"पडून कसल्या? दर वर्षी उलटतो की. ठोकून बघतो. ठणठणीत आहेत सगळ्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. लाकूड न्यायला आलो तर तुम्ही ट्रकच्या मागे धावत आलात. म्हणालात, विसरू नका, वर्षातून एकदा उलटा, ठोका, कान लावा. मला वाटलं, बाई रडतेय, नाही म्हणू नये. म्हणून करत गेलो."

धाकटीने फोन ठेवला. तिला ते आठवत नव्हतं. ट्रक आठवत होता, धूळ आठवत होती, दादाने खांद्यावर ठेवलेला हात आठवत होता. परक्या माणसाला तिने धावत जाऊन सांगितलं होतं, आणि हात ठेवणाऱ्या भावाला काही सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं, तिने ते ॲप्रनला पुसलं.

जोड आणायला दादा स्वतः गेला. चादरीत गुंडाळून, कडेवर मूल घ्यावं तशी घेऊन तो रस्त्याने चालत आला, रिक्षा केली नाही. त्याने ती बाकावर ठेवली, चादर उलगडली आणि हात मागे घेतला.

"लाव हात," धाकटी म्हणाली.

त्याने बोटाने फळीच्या कडेला शिवून बघितलं. तिथे नानांची पेन्सिलची फुली अजून होती.

वहिनीने सगळ्यांसाठी चहा टाकला होता. पहिला कप तिने आईला दिला, दुसरा धाकटीला, आणि बऱ्याच वेळाने तिसरा नवऱ्याला. भाचीने लॅपटॉप बंद केला होता, आणि ती मधूनमधून आजीचे केस सारखे करत होती.

शिडी अजून माळ्याच्या तोंडाशीच लावलेली होती. धाकटीने पदर खोचला. "यंदाच्या उलटायच्या राहिल्यात," ती म्हणाली. "दादा, येतोस?"

"मी?"

"कोट काढून ये."

माळ्यावर उजेड कमी होता, पण लाकडाचा वास इतका दाट होता की चालताना तो बाजूला सारावा लागेल असं वाटायचं. धाकटीच्या फळ्या रांगेने पडल्या होत्या, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळावा म्हणून. यातल्या पुष्कळशा तिला स्वतःला वापरायला मिळणार नव्हत्या. कोणाला मिळतील ते ठाऊक नव्हतं. दादाने पहिली फळी उलटली. बोटात लाकडाचं कुसळ गेलं, त्याने बोट चोखलं आणि दुसरी उलटली. धाकटीने ठोकून दाखवलं, कान कसा लावायचा ते दाखवलं.

"मला सगळ्या सारख्याच वाजतात," तो म्हणाला.

"पहिल्यांदा तसंच वाटतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा येशील तेव्हा बघू. वर्षाने."

तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकत राहिला. बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा. खाली कपबशा वाजत होत्या. मागच्या कोपऱ्यात तो थांबला. पुन्हा ठोकलं. पुन्हा कान लावला.

"ही वेगळी वाजतेय," तो म्हणाला. "की मला वाटतंय?"

धाकटी त्याच्याजवळ गेली. तिने ठोकलं. बाहेरून फळी गुळगुळीत होती, रेषा सरळ, एक डाग नाही. आतून आवाज भद्द आला.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर ऐकलंस."

दादाने फळी उचलली. ती तिने कधी, कोणासाठी ठेवली होती ते त्याने विचारलं नाही. माळ्याच्या तोंडाशी नेऊन त्याने ती खाली सोडली. फरशीवर ती मोठ्याने आपटली आणि मधोमध फुटली, आणि बारीक पिवळा भुसा सगळीकडे उडाला.

"शेगडीत घालू का रे?" आईने खालून विचारलं.

दादा पुढच्या फळीला कान लावून बसला होता.